परसातील भोपळा : फुलाफळांतील नवल आणि त्याचा अर्थ



पुलगावला लागून वसलेल्या नाचणगावात काय किंवा वर्धा जिल्ह्यातील इतर गावांत काय, पावसाळा लागला की परसात लाल भोपळ्याचे बी टोचले जाते. काही घरी त्यालाच कोहळे म्हणतात. वेल छपरावर चढतो, पिवळ्या फुलांनी बहरतो; परंतु फळ धरत नाही. मग ‘वेल वांझ निघाला’, ‘दृष्ट लागली’ असे म्हणून तो उपटला जातो. वस्तुतः वेलावरील प्रत्येक नवलाला कारण असते. ते जाणून घेतल्यास घरची भाजी वाचते. क्वचित माणसाचा जीवही वाचतो.

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर व मादी अशी दोन प्रकारची फुले येतात. नर फूल लांब, सडपातळ देठावर असते. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा दिसतो. आरंभी बहुधा नर फुलेच येतात. ती गळाली म्हणून चिंता करू नये. कडक ऊन आणि नत्रखताचा अतिरेक यांमुळेही नर फुले व पाने वाढतात, फळे मागे पडतात.

इवलेसे फळ पिवळे पडून गळाले, तर बहुधा परागकण पोहोचलेले नसतात. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व ऊन चढताच मिटते. पावसाच्या झडीत मधमाश्या बाहेर पडत नाहीत. सकाळी कीटकनाशक फवारल्यास त्या मरतात. अशा वेळी ताजे नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावा. पराग अपुरा पडल्यास फळ एका बाजूने खुरटते. फळावर बारीक छिद्र पडून ते वाकडे झाले वा सडले, तर फळमाशीचा संशय घ्यावा. अशी फळे वेलाखाली न टाकता खोल पुरावीत. पाने चुरगळून त्यांवर हिरवे-पिवळे चट्टे उमटले, तर तो विषाणुरोग असू शकतो. असा वेल मात्र उपटणेच इष्ट.

‘शेजारच्या वेलामुळे यंदा फळाचा आकार बदलला’ असेही ऐकू येते. फळाचा गर व साल ही मातृवेलाचीच असतात. परक्या परागाचा परिणाम बियांत साठतो आणि पुढील पिढीत प्रकट होतो. म्हणूनच उकिरड्यावर आपोआप उगवलेला वेल कधी अनोळखी फळे देतो. घरचे वाण शुद्ध राखावयाचे असल्यास नर व मादी कळ्या आदल्या सायंकाळी दोऱ्याने बांधाव्यात, सकाळी हाताने परागसिंचन करून मादी फूल पुन्हा बांधावे व त्या फळाला खूण करावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुधी, भोपळा, काकडी यांचे फळ कधी विषासमान कडू निघते. कुकर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे हा कडूपणा येतो आणि शिजवल्याने तो भरवशाने जात नाही. कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्तस्राव व मृत्यूही ओढवले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुधीचा रस काढण्यापूर्वी लहानसा तुकडा चाखावा व कडू लागल्यास फळ टाकून द्यावे, असा सल्ला त्यात आहे. हाच नियम घरच्या भोपळ्यालाही लावावा. ‘कडू तेवढे औषधी’ ही समजूत येथे घातक ठरते. कडू फळाचे बी राखू नये. असे फळ खाल्ल्यावर त्रास झाल्यास तत्काळ दवाखाना गाठावा.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. शाळेच्या आवारातील एक वेलही त्या विचाराचा पाठ होऊ शकेल. मुलांनी रोज नर-मादी फुले मोजावीत, धरलेली व गळालेली फळे नोंदवावीत. त्यातून गणित व वनस्पतिशास्त्र दोन्ही साधतील. पंचायत सदस्यांनी कडू फळाविषयीची सूचना ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनींपर्यंत ती अवश्य पोहोचवावी. अंगणातील वेल उपटण्यापूर्वी त्याचे फूल एकदा निरखून पाहावे, एवढीच विनंती.