धंद्यात भरवशाचा माणूस कसे व्हावे?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या युवक मेळाव्यातील भाषण)



मी काही वक्ता नाही. लेथवर उभा राहणारा माणूस आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सांगितलं, "काका, पोरं धंदा करायचं म्हणतात, तुम्ही चार गोष्टी सांगा." म्हणून आपल्यापुढे उभा आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या भूमीवर आपण राहतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी इथल्या डेपोत, फॅक्टरीत, रेल्वेत, आकुर्डी-चिंचवडच्या कंपन्यांत नोकऱ्या केल्या. त्या नोकरीवर आपली घरं उभी राहिली. आता कायमची नोकरी कमी झाली आणि कंत्राटी कामगार वाढले. तेव्हा मुलं म्हणतात, आपलाच गाळा टाकू. चांगलं आहे. पण बंधूंनो, गाळा भाड्याने मिळतो, मशीन कर्जाने मिळते, विश्वास मात्र भाड्याने मिळत नाही. आज मी तेवढ्याच विषयावर बोलणार आहे.

बाबासाहेबांनीही एकदा धंदा सुरू केला होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल. १९१७ साली ते परदेशातून परत आले. बडोद्याला जो अपमान झाला तो आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर्स आणि गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस! त्यांच्याइतका जाणकार सल्लागार त्या वेळी मुंबईत किती असतील? पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं, तसं गिऱ्हाईक येईनासं झालं आणि धंदा बंद पडला. पुढे १९१८ साली ते सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. आणि १९२५ साली भारताच्या चलनाचा विचार करायला हिल्टन यंग कमिशन आलं, तेव्हा त्याच बाबासाहेबांची साक्ष त्या कमिशनने घेतली. आठ वर्षांपूर्वी ज्यांचा सल्ला गिऱ्हाइकाने नाकारला, त्यांचं म्हणणं आता सरकारी कमिशन ऐकत होतं.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, ज्ञान इतकं पक्कं करा की समोरच्याला तुमच्याकडे यावंच लागेल. दुसरी गोष्ट आपण नेहमी विसरतो. नुसतं ज्ञान असून भागत नाही, पाठीशी कुणीतरी उभं राहावं लागतं. या दुसऱ्या गोष्टीकडे मी शेवटी येतो.

आधी माझा अनुभव सांगतो. आयटीआय टर्नर होऊन मी अकरा वर्षं एका कंपनीत काम केलं. २००४ साली तळवड्याला गाळा घेतला आणि एक सेकंडहँड लेथ टाकला. चार महिने कंपन्यांच्या गेटवर चकरा मारल्या. एका ठिकाणी साहेबांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग म्हणाले, बघू. ते 'बघू' कधी झालं नाही. शेवटी दुसऱ्या एका कंपनीकडून चारशे बुशांचं काम मिळालं. भोक वीस मिलिमीटरचं. वीसच्या खाली अजिबात चालणार नाही, वर फार तर दोन शतांश, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी दोन. मी प्रत्येक बुश गेजने तपासून पाठवला. चलनावर सही झाली. घरी गोडधोड केलं.

आठ दिवसांनी माझा गेज तपासून आला. पैसे नव्हते म्हणून तो मी जुन्या बाजारातून घेतला होता. लॅबचा रिपोर्ट बघितला आणि पायाखालची जमीन सरकली. गेजची 'गो' बाजू झिजून लहान झाली होती. म्हणजे भोक कमी मापाचं असलं तरी गेज आत जाणार आणि मला वाटणार माल बरोबर आहे! तिकडे लाइनवर पिन बसली नाही तर त्यांचं काम थांबणार.

त्या रात्री झोप नाही. सांगितलं तर काम जाणार, गप्प बसलो तर कदाचित खपून जाईल. आमच्या मंडळींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लबाडी करायचीच होती तर नोकरी कशाला सोडली? सांगून टाका." सकाळी कंपनी उघडायच्या आत मी गेटवर हजर. क्वालिटीच्या साहेबांपुढे रिपोर्ट ठेवला. म्हटलं, माल थांबवा, चूक माझी आहे. सगळा लॉट परत आला. दोन्ही वेळचं टेम्पोचं भाडं माझ्या डोक्यावर, वर डेबिट नोट. नवा गेज आणला, एकेका बुशला रीमर मारला, तीन रात्री जागून चारशेच्या चारशे बुश मापात करून दिले. त्या कामात मला एक रुपया सुटला नाही, उलट खिशातून गेले.

पण पुढच्या महिन्यात त्याच कंपनीतून निरोप आला. क्वालिटीच्या साहेबांनी परचेसवाल्यांना सांगितलं होतं की, हा माणूस स्वतःविरुद्धचा रिपोर्टसुद्धा लपवत नाही, याला काम द्या. मित्रांनो, माझी पत तिथून सुरू झाली. आजही माझ्या गाळ्यात प्रत्येक गेजच्या तपासणीची तारीख भिंतीवर लिहिलेली असते.

भगवान बुद्धांनी अंगुत्तर निकायात भिक्खूंना समजावण्यासाठी दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. यशस्वी दुकानदाराच्या अंगी तीन गुण असतात. पहिला, तो डोळस असतो. माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला आणि किती सुटले हे त्याला नेमकं कळतं. दुसरा, खरेदी-विक्रीत तो कुशल असतो. तिसरा, त्याला आश्रय असतो. म्हणजे पैसेवाली माणसं त्याला ओळखतात आणि म्हणतात, हा डोळस आहे, कुशल आहे, आपलं कुटुंब पोसून आपली रक्कम परत करील. आणि ती त्याला भांडवल देतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, पण आजच्या बँक मॅनेजरलाही हेच बघायचं असतं.

डोळस व्हायचं तर वही ठेवा. कुठलं काम किती मिनिटांत झालं, किती पीस रद्द झाले, कटिंग टूल किती गेलं, हे रोज लिहा. भाव अंदाजाने सांगू नका. घरखर्च आणि धंद्याचा पैसा एका खिशात ठेवू नका. कुशल व्हायचं तर एक काम धरा. पहिली काही वर्षं "सगळं करून देतो" म्हणू नका. जे जमत नाही त्याला स्पष्ट नाही म्हणा. नाही म्हणणाऱ्याच्या 'हो'ला किंमत येते.

सांगली जिल्ह्यातल्या पेड गावचे अशोक खाडे यांचं उदाहरण घ्या. वडील मुंबईत चपला-बूट शिवायचे. अशोकराव माझगाव डॉकमध्ये शिकले, पाणबुडीच्या कामासाठी जर्मनीला गेले. नोकरीत जे काम हाताखालून गेलं त्याच्याच आधारावर त्यांनी भावांबरोबर 'दास ऑफशोअर' उभी केली. दत्ता, अशोक, सुरेश या तीन भावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव आहे. समुद्रातल्या तेलविहिरींची कामं ती कंपनी करते. कामाची ओळख आधी झाली आणि कंपनी नंतर आली, हा क्रम ध्यानात ठेवा. नोकरीत असाल तर नोकरीलाच शाळा समजा.

आता आश्रयाची गोष्ट. हा भाग मी मोठ्या माणसांना सांगतो आहे. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी 'डिक्की' ही दलित उद्योजकांची संस्था काढली, कारण एकट्याला कुणी दारात उभं करत नाही. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणात सरकारी खात्यांनी व उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या छोट्या उद्योजकांकडून घ्यावा असं ठरलं. १९९० च्या कायद्यातल्या दुरुस्तीमुळे बौद्धही त्यात येतात. पण त्यासाठी उद्यम नोंदणी पाहिजे, कागद पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे माल मापात पाहिजे. सवलतीने दार उघडतं. दुसरी ऑर्डर आपल्या पहिल्या मालावर मिळते.

आणि आपण काय करतो? वायरिंगचं काम निघालं की आपलाच मुलगा असताना बाहेरचा बोलावतो. आपल्या मुलाला बोलावलंच तर पैसे सहा महिने लटकवतो. घरचंच काम आहे म्हणतो! बाबासाहेबांचं गिऱ्हाईक जातीपायी गेलं म्हणून आपल्याला चीड येते. मग आपल्या पोराचं गिऱ्हाईक आपणच का होत नाही? काम चोख मागा, चुकलं तर परत करायला लावा, पण पैसे वेळेवर द्या आणि काम चांगलं झालं तर चार जणांना सांगा. दुकानदाराचा तो तिसरा गुण त्याला एकट्याने मिळवता येत नाही, तो आपण द्यायचा असतो.

तरुणांनो, उद्या तुमच्या हातून चूक होईल. होणारच. त्या सकाळी गेटवर गिऱ्हाइकाच्या आधी जाऊन उभे राहा.

 एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!