नोकरीपूर्वीची झडती



२००९ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील ड्रॉइटविच या लहानशा गावी माहिती आयुक्तांच्या अधिकाऱ्यांनी एका कचेरीवर धाड घातली. तेथे बांधकाम मजुरांची काळी यादी सापडली. तीत ३,२१३ नावे होती आणि ४४ कंपन्या वर्गणी भरून तिचा लाभ घेत होत्या. कोण कामगार संघटनेत पुढाकार घेतो, कोणी कामावरील धोक्याची तक्रार केली, अशा त्या नोंदी. यादी चालविणाऱ्यास पुढे दंड झाला, तो अवघा ५,००० पौंडांचा!

आज मालकवर्गाला अशी गुप्त कचेरी पोसण्याचे कारणच उरलेले नाही. उमेदवार फेसबुकवर कोणत्या मोर्चाचे छायाचित्र लावतो, कोणत्या संपाला पाठिंबा देतो, हे मुलाखतीपूर्वीच पाहता येते. द्वेष पसरविणारा माणूस टाळण्यासाठी हे करावे लागते, असे समर्थन केले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु नकाराचे कारण सहसा सांगितलेच जात नाही. मग उमेदवाराला काय नडले? शिवराळ मजकूर, संघटनेचे सभासदत्व, आडनावावरून ताडलेली जात, की नव्या बाळाच्या चाहुलीची आनंदवार्ता?

मध्य प्रदेशातील एका शिक्षकाला संघ-जनसंघाच्या कार्यात भाग घेतल्याच्या पोलिसी अहवालावरून नोकरीतून काढण्यात आले होते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरविले. न्यायमूर्ती चिनाप्पा रेड्डी यांचा तो निकाल, शिक्षकाचे विचार पटोत वा न पटोत, प्रत्येक कार्यकर्त्याने वाचण्याजोगा आहे. मात्र त्या शिक्षकाचा मालक सरकार होते. समान संधीची जी घटनात्मक हमी त्याच्या कामी आली, ती खाजगी कंपनीच्या दारात उभ्या असलेल्या तरुणीला तशी मिळत नाही.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये कायदा संमत केला. पण व्यक्तीने स्वतः जाहीर केलेल्या माहितीस तो लागूच होत नाही. उदाहरण म्हणून समाजमाध्यमावर मते मांडणारी व्यक्तीच कायद्यात दिली आहे. शिवाय नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा मालकाला आहेच. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०१२ मध्ये निदान उमेदवाराचा पासवर्ड मागण्यास मालकांना मनाई केली होती.

कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात आता एक कलम वाढले पाहिजे. उमेदवाराविषयी काय पाहिले आणि त्यावरून काय ठरविले, हे मालकाने त्याला लेखी कळवावे.