पहिला वाफा सोपा असावा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



घरी थोडी भाजी लावावी असे पुष्कळांना वाटते. मोठ्या हौसेने कुंडी येते, माती येते, टोमॅटो नाही तर फ्लॉवरचे बी पेरले जाते आणि महिन्याभरात सारे सुकून जाते. मग घरातील वडील माणसे म्हणतात, "आपल्या हाताला यश नाही." ते ऐकणारे मूल पुन्हा मातीला हात लावीत नाही. ही हानी एका कुंडीपुरती राहत नाही. आपल्याला हे जमणारच नाही, अशी समजूत मुलाच्या मनात घर करून बसते. खरे पाहता हातगुण झाडाला ठाऊक नसतो. चुकलेला असतो तो क्रम. पहिलीतल्या मुलाला आपण बीजगणित शिकवीत नाही. भाजीचेही तसेच आहे.

पहिला धडा मेथीचा. तिच्यासाठी बियाण्याच्या दुकानातही जावे लागत नाही. स्वयंपाकघरातील मूठभर मेथीदाणे रात्री भिजत घाला, सकाळी ओलसर मातीवर पसरा आणि वर अर्ध्या पेराइतकी भुसभुशीत माती टाका. चार-पाच दिवसांत वाफा हिरवा दिसू लागेल. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, त्या म्हणजे वाळूत वाढविलेली मेथीची कोवळी रोपेच होत. तेव्हा अंगण नसले तरी गॅलरीतील उथळ पाटी मेथीला पुरते. २५ ते ३० दिवसांत भाजी काढता येते.

दुसरा धडा लाल माठाचा. याचे बी खसखशीसारखे बारीक असते. ते नुसते टाकले तर एकाच जागी पडते. म्हणून कोरड्या वाळूत मिसळून फेकावे व मातीने जेमतेम झाकावे. हाही महिन्याभरात ताटात येतो.

तिसरा मुळा. तो जागच्या जागी पेरावा, उपटून दुसरीकडे लावू नये. मूळ दुखावले की मुळा वाकडा होतो. माती खोलवर मोकळी हवी. दाट उगवलेली रोपे विरळ करावीत आणि काढलेल्या पाल्याची भाजी करावी. सुमारे ४० ते ४५ दिवसांत मुळा तयार होतो. एखादे झाड तसेच राहू दिले तर त्याला शेंगा येतात; त्यांनाच आपण डिंगरी म्हणतो.

चौथी कोथिंबीर. येथे खरी परीक्षा धीराची आहे. आपण ज्याला धणा म्हणतो ते वास्तविक फळ असून त्यात दोन बिया असतात. लाटणे हलकेच फिरवून धणे दुभंगावेत, रात्रभर भिजवावेत आणि पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस, कधी पंधराही लागतात. सातव्या दिवशी कंटाळून माती उकरणाऱ्याला कोथिंबीर मिळत नाही.

पाचवी भेंडी. तिला ऊब आणि ऊन हवे. थंडीत ती रुसते. बी रात्रभर भिजवून हातभर अंतरावर लावावे. सुमारे दीड महिन्यात फुले येतात. पुढे एक दिवसाआड तोडणी करावी. भेंड्या जून होऊ दिल्या की झाड नवीन फळ धरीत नाही. पानांच्या शिरा पिवळ्या करणारा केवडा रोग पांढरी माशी पसरविते. म्हणून बी घेताना या रोगाला तोंड देणारे वाण मागावे.

एवढे जमले की मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे लावावीत.

आता दोन शब्द माती-पाण्याविषयी. तेलाचा रिकामा डबाही चालतो; मात्र त्याच्या तळाला भोके हवीतच. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत व एक भाग वाळू घ्यावी. ताजे शेण घालू नये. पालेभाजीला निदान चार तास ऊन हवे, भेंडीला सहा तास. नवख्या माणसाची झाडे तहानेने जेवढी मरतात, तेवढीच अति पाण्यानेही मरतात. म्हणून बोट मातीत खुपसावे. एक पेर कोरडे लागले तरच पाणी द्यावे. आरंभ पाऊस उघडल्यावर करावा, कारण धो-धो पावसात कोवळी पालेभाजी कुजते.

आणखी एक सावधगिरी. दुकानातील गुलाबी, निळ्या रंगाच्या बियांना बहुधा बुरशीनाशक लावलेले असते. त्या मुलांनी तोंडात घालू नयेत. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

पालकांना माझी एक विनंती आहे. वाफा मुलाचा असू द्या. पाणी घालायचे तो विसरला तर आठवण करा, पण त्याच्या हातातील तांब्या काढून घेऊ नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, एक वही ठेवा: पेरले कधी, उगवले कधी, काढले कधी. एखादा वाफा फसला तर ती वही उघडा. पाणी जास्त झाले की बी खोल गेले, हे तुम्हाला त्यात सापडेल. "मला जमत नाही" असे म्हणण्याऐवजी "येथे चुकले" असे म्हणता येणे, हे मेथीच्या जुडीपेक्षा मोठे पीक आहे.

आज रात्री घरी गेल्यावर मूठभर मेथी भिजत घाला, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.