गर्दीत गाडी का तापते?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर नेहमी कीर्तन, गायन, एखादे विद्वान वक्ते असतात. यंदा एका निवृत्त फॅक्टरीवाल्याला बोलायला सांगितलं आहे, तेव्हा मी आपला यंत्राबद्दलच बोलणार. जबलपूरला त्यात काही वावगं नाही. १९०४ पासून इथे गन कॅरेज फॅक्टरी आहे, १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी आली. शक्तिमान ट्रक आपल्या गावाने बांधले आणि ‘जोंगा’च्या तर नावातच जबलपूर आहे. आपल्यातल्या बऱ्याच घरांची चूल या फॅक्टऱ्यांवर पेटली.

पण सुरुवात माझ्या फजितीने करतो. २००६ सालचं विसर्जन. बाप्पा माझ्या गाडीत, पुढे लेझीम, गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीने ग्वारीघाटाकडे. निम्म्या वाटेत काटा लाल खुणेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. मागून मुलं ओरडताहेत, “काका, चला ना!” मी घाईने उतरलो, उपरणं हाताला गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी कारंज्यासारखं उसळलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. शेजारी सात-आठ वर्षांचा एक मुलगा वाकून बघत होता, त्याच क्षणी त्याच्या आईने त्याला हाक मारली म्हणून तो वळला. बाप्पा पुढे हातगाडीवरून गेले. हाताचा डाग आजही आहे, पण झोप उडवतो तो त्या मुलाचा विचार.

झाकण का उसळतं, ते ऐका. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच, इथे उघड्या पातेल्यातलं पाणी शंभर अंशांच्या थोडं आधीच उकळतं. रेडिएटरचं झाकण साधारण एक वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी ११० अंशांवरही शांत असतं. झाकण काढलं की दाब जातो आणि पाण्याची क्षणात वाफ होते. घरचा कुकर वाफ असताना कोणी उघडतं का? इथेही तोच नियम.

दुसऱ्या दिवशी एका मिस्त्रीने सांगितलं, “हेड गास्केट गया, इंजन खोलना पड़ेगा.” खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली आणि सेवेत शिकलेली पहिली गोष्ट आठवली: आधी विचार, मग पाना.

खूण महिनाभर समोर होती. नागपूरच्या रस्त्यावर काटा मध्यावर स्थिर, गोलबाजारात आलं की वर. धावत्या गाडीला समोरचा वाराच थंड करतो. गाडी थांबली की वारा गेला, सगळी भिस्त पंख्यावर. जोंगासारख्या जुन्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे, पट्टा सैल झाला की घोटाळा. आजच्या गाड्यांत पंखा विजेचा असतो. शिवाय माझा एसी गर्दीत थंड करीत नसे, हायवेवर करी. मी त्यात गॅस भरून पैसे घालवले! दोन्ही तक्रारी एकाच पंख्याच्या होत्या. पंख्याला बॅटरीची थेट तार लावली तर तो झकास फिरला. म्हणजे मोटर ठीक, बिघाड मधल्या वाटेवर. फ्यूज शाबूत होता. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावला आणि पंखा सुरू झाला. जी वस्तू बदलायची होती ती काडेपेटीहून लहान!

तेव्हा घरच्या घरी हा क्रम ठेवा. सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. गाडी सुरू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरला पाहिजे. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, जोडणी, मोटर. पंखा फिरूनही गाडी तापत असेल तर एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकलेली धूळ, पानं, किडे साफ करा, पाण्याची धार मात्र हलकी हवी. हायवेवरही तापत असेल तर दोष वाऱ्याचा नाही, पाण्याच्या फिरण्याचा: थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा आतून चोंदलेला रेडिएटर. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार बसतात, म्हणून कूलंटच वापरा. गळती दिसत नाही तरी पाणी कमी होतं, पांढरा धूर येतो, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, तेव्हा मात्र गास्केटची शंका घ्या. आणि “थर्मोस्टॅट काढून टाका” हा सल्ला ऐकू नका. रोग तसाच राहतो, इंजिनाला मात्र योग्य तापमान मिळत नाही.

रस्त्यात काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा. घाम येईल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. तरीही काटा उतरला नाही तर गाडी कडेला घेऊन बंद करा. निदान अर्धा तास झाकणाला हात नाही. तापल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जातो.

कार्यकर्त्यांना एकच विनंती. मिरवणुकीची गाडी तासन् तास पायी चालीने जाते, तिच्यासाठी यापेक्षा कठीण परीक्षा नाही. विसर्जनाच्या आदल्या दिवशी तिचा पंखा एकाने तपासावा आणि वाटेत बॉनेट उघडलंच तर मुलांना दूर ठेवायचं काम दुसऱ्याकडे द्यावं. बाप्पा उशिरा पोचले तर रागावणार नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!