वाचणारा कोणासाठी वाचतो?

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा आहे. गावाशेजारून प्राणहिता वाहते, थोडे खाली जाऊन गोदावरीला मिळते, आणि पलीकडच्या काठावर तेलंगणातले कालेश्वरम दिसते. या तालुक्यात तहसील कचेरीचा कागद मराठीत निघतो, बाजारातला भाव बहुधा तेलुगूत ठरतो आणि जंगलाच्या आतल्या पाड्यांवर चुलीपाशी गोंडी किंवा माडिया ऐकू येते. एका माणसाच्या एका दिवसात तीन भाषा सहज येऊन जातात. अशा मुलखात कॅथलिक उपासनेत शास्त्रवाचन कोणी करावे, कोणत्या भाषेत करावे आणि ते नेमके कोणासाठी असते, हा आजचा विषय. तो वरवर चर्चच्या आतला, चार भिंतींमधला वाटेल. पण मंदिरातली पोथी असो, विहारातले वाचन असो की ग्रामसभेतला ठराव, वाचणाऱ्याचे शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोचतात का, हा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे.

सिरोंचा ज्या धर्मप्रांतात येते त्याचे नाव चांदा; त्याचे पीठ बल्लारपूरला. ३१ मार्च १९६२ रोजी नागपूरच्या महाधर्मप्रांतातून हा प्रदेश वेगळा काढून केरळच्या सीरो-मलबार या कॅथलिक ख्रिस्तसभेकडे, तिच्यातल्या सीएमआय या संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवला गेला. १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये तेलुगू भाषक आदिलाबादचा भाग त्यातून निराळा झाला. आता दुसरी एक तारीख पाहा. सीरो-मलबार ख्रिस्तसभेची उपासना शतकानुशतके सुरयानी भाषेत होत असे. ही भाषा वेदीपाशी उभ्या असलेल्यांना येई. मागे उभ्या असलेल्यांना ती सवयीने पाठ असे, पण कळत नसे. ती उपासना मल्याळममध्ये आली ३ जुलै १९६२ रोजी, संत थॉमसच्या सणाला. म्हणजे चांद्याचे जंगल हाती आल्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी. जे लोक न कळणाऱ्या भाषेतून नुकते बाहेर पडत होते, त्यांच्याच हाती मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारा मुलूख आला. हा योगायोग खरा, पण तो एक जबाबदारी सांगून जातो. केरळातल्या आजीला सुरयानी कळत नव्हती म्हणून मल्याळम आली. मग सिरोंच्याच्या आजीसाठी काय यायला हवे?

माझे म्हणणे एवढेच. अशा मुलखात शास्त्र वाचणारा प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेला साधा भाविक, याला आपण फादरांचा मदतनीस समजतो ती चूक आहे. धर्मगुरू पुष्कळदा दूरच्या राज्यातून आलेला असतो. तो मराठी शिकतो, कष्टाने शिकतो, पण इथल्या जिभेचा हेल त्याच्याकडे जन्माने आलेला नसतो. अधिकार त्याच्याकडे असतो आणि जीभ गावाकडे. वाचनाच्या वेळी या दोन गोष्टी एकत्र आल्या नाहीत तर विधी पार पडतो, आणि शब्द मात्र पुस्तकातच राहतो.

याला आधार काय? पहिला आधार शास्त्रातच आहे. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एज्रा नियमशास्त्र घेऊन चौकात उभा राहतो. समोर पुरुष आहेत, स्त्रिया आहेत, आणि ऐकून समजू शकेल असा प्रत्येक जण आहे. वाचन पहाटेपासून दुपारपर्यंत चालते आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, लोकांना त्याचा अर्थ उलगडून सांगतात. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लागते तेव्हा एक जण ओवी म्हणतो आणि दुसरा अर्थ सांगतो. तोच हा प्रकार. दुसरा आधार सुमारे इसवी सन १५० मधला. जस्टिन मार्टर रोममधल्या रविवारच्या सभेचे वर्णन करताना वाचणारा आणि अध्यक्षस्थानी बसून उपदेश करणारा अशा दोन वेगळ्या व्यक्ती सांगतो. म्हणजे वाचक हे पद काही काल-परवाच्या सुधारकांनी काढलेले खूळ नाही. तिसरा आधार मला सिरोंच्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून यरुशलेमच्या यात्रेला गेली आणि तिथे जे पाहिले ते तिने लिहून ठेवले. बिशप ग्रीकमध्येच बोलतात, त्यांना सुरयानी येत असली तरी. शेजारी उभा असलेला एक धर्मगुरू ते सुरयानीत सांगतो. वाचनेही ग्रीकमध्ये होतात आणि सुरयानीत समजावली जातात. आणि ज्यांना दोन्ही येत नाहीत, फक्त लॅटिन येते, त्यांच्यासाठीही समजावून देणारे कोणी तरी असते. एकाच सभेत तीन भाषा! सोळाशे वर्षांपूर्वी यरुशलेमला जे अवघड वाटले नाही, ते प्राणहितेच्या काठी अवघड का वाटावे?

मराठीत तर याची परंपरा आपल्या घरचीच आहे. १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या या जेजुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा मराठीत उभी केली. ग्रंथाच्या आरंभी एक स्थानिक ख्रिस्ती पाद्रीकडे मागणी करतो की आम्हांला पूर्वीसारखे एखादे पुराण द्या. मागणी श्रोत्याची आहे, हे लक्षात घ्या. स्टीफन्स यांनी ती ओवीच्या छंदात पुरी केली, कारण कानाला सवय त्या छंदाची होती. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा मोडून पोर्तुगीज रुजवण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमाने नुकसान किती झाले हा इतिहासकारांचा विषय. पण राज्याचे धोरण बदलल्यावर कोणाच्या जिभेला किंमत उरते, हे त्यावरून कळते. मराठीलाही आज सिरोंच्यात हे स्वतःपुरते तपासून पाहायला हरकत नाही. तिथे ती राज्यभाषा आहे, आणि गोंडी तर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतही नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप मला मोलाचा वाटतो. सहभाग म्हणजे प्रत्येकाने काही तरी करणे नव्हे, असे काही जण म्हणतात. मनाने, शांतपणे ऐकणारी बाई उगाच धावपळ करणाऱ्या दहा कार्यकर्त्यांपेक्षा जास्त सहभागी असते. हे खरे आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने सहभागाच्या साधनांत प्रतिसाद आणि गीते यांच्याबरोबर मौनही मोजले आहे. म्हणून ‘याला वाचायला द्या, त्याला संधी मिळायला हवी’ अशी वाटावाटी मलाही पटत नाही. वाचन हा मान वाटण्याचा कार्यक्रम झाला की दर सणाला तेच चार प्रतिष्ठित पुढे येतात, चष्मा घरी विसरलेला असतो आणि वाचन सरकारी जाहीर सूचनेच्या चालीवर होते. पण हाच आक्षेप उलटा धरून पाहा. मौनाने ऐकायचे तर ऐकू येणारे काही तरी हवे ना? शब्द कळला नाही तर ते मौन भक्तीचे उरत नाही, नुसती सोशिकता उरते. वाचकाचा हक्क आपण बाजूला ठेवू, पण ऐकणाऱ्याचा हक्क बाजूला कसा ठेवणार?

दुसरा आक्षेप एकीचा. तीन भाषा आणल्या तर सभेचे तीन तुकडे होतील. मराठी शाळेत शिकवली जाते, तीच सर्वांची ठेवा. मी मराठीत बोलतो आहे आणि मराठीच्या बाजूचा आहे. मुख्य वाचन मराठीत राहावे, ‘आमेन’ आणि ‘हालेलुया’ तर कुठल्याही भाषेत तेच राहतात. पण शाळेत शिकलेला नातू आणि शाळा न पाहिलेली त्याची आजी एकाच बाकावर बसतात. तिच्यासाठी वाचनाआधी गोंडीत किंवा तेलुगूत चार वाक्यांचा गोषवारा दिला तर तुकडे होत नाहीत. आधीच असलेली फट थोडी बुजते. करिंथच्या मंडळीत न कळणाऱ्या भाषांचा फार गाजावाजा झाला तेव्हा पौलाने दहा हजार न कळणाऱ्या शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द बरे मानले, आणि अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने गप्प राहावे असेही बजावले. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाच्या, दिवशी जे वाचन होते त्यात प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकल्याची कथा आहे. गंमत अशी की त्यातली पार्थी, मेदी, एलामी ही देशांची लांबलचक यादी हीच वाचकांची सर्वांत मोठी धास्ती असते. भाषेचा सण, आणि तिथेच जीभ अडखळते.

तिसरा आक्षेप नियमांचा आहे आणि तो टाळता येत नाही. उपासनेतले भाषांतर वरिष्ठांच्या मान्यतेशिवाय वापरता येत नाही. गावातल्या एखाद्याने गोंडीत काहीही सांगितले तर चुकीची शिकवण जाईल. मान्य. म्हणूनच गोषवारा मूळ वाचनाची जागा घेणार नाही, आधी दिला जाईल, आणि फादरांनी तो आदल्या दिवशी ऐकलेला असेल. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचकाचे स्थायी पद स्त्रियांनाही खुले केले, पण तो बदल लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडच्या, ख्रिस्तसभेच्या कायद्यातला आहे. सीरो-मलबार ख्रिस्तसभा पूर्वेकडच्या वेगळ्या कायद्याने चालते. तरी स्थायी पद नसताना बाईने वाचायला त्या बदलाची वाट पाहण्याचे कारण नाही. नहेम्याच्या चौकात स्त्रिया ऐकायला होत्याच, इथे वाचायलाही उभ्या राहोत.

सीरो-मलबार विधीत पूर्ण रूपात चार वाचने असतात: जुन्या करारातली दोन, प्रेषितांच्या पत्रांतले एक आणि शेवटी शुभवर्तमान. वर्षाचे काळही वेगळे. त्यातल्या एकाचे नाव ‘कैथा’, म्हणजे सुरयानीत उन्हाळा. तो साधारण जुलैत सुरू होतो, जेव्हा सिरोंच्यात प्राणहितेला पूर असतो आणि आतल्या पाड्यांचे रस्ते बंद होतात. पुस्तकातला उन्हाळा आणि दारातला पाऊस यांची सांगड कोण घालणार? ती घालायला मूळ जागेचा माणूस लागतो, आणि तो वाचकाच्या रूपाने तिथे हजर आहे.

म्हणून फादरांना एक विनंती. पुढच्या रविवारचे वाचन या रविवारीच वाचकाच्या हाती द्या, घरी नेऊ द्या. शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटे त्याच्याकडून ते मोठ्याने वाचून घ्या, आणि गावातल्या एका म्हाताऱ्या बाईला समोर बसवा. तिला कळले का, हे तिलाच विचारा.