गाळात लिहिलेला इतिहास

(गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत जो हाहाकार माजविला, तो आपण विसरलेलो नाही. ‘असा पूर पूर्वी कधी आलाच नव्हता,’ असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. हे खरे की खोटे, कोणास विचारायचे? आपल्याकडील नोंदी फार मागे जात नाहीत.

उत्तर नदीपाशीच असते. महापुरात मुख्य प्रवाह घोंघावत असताना ओढ्यांच्या मुखाशी आणि खडकांच्या आडोशाला पाणी निवांत होते. तेथे बारीक वाळू व गाळ थरांनी बसतो. थराच्या उंचीवरून पाणी निदान कोठवर चढले ते कळते आणि त्यातील कोळशाच्या कणांवरून काळ काढता येतो. पुणे विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक विश्वास काळे यांनी नर्मदा व तापी यांच्या खोऱ्यांत हेच काम केले. त्यांच्यासमवेत अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाचे व्हिक्टर बेकर होते.

या बेकरांची वाटचाल पाहण्याजोगी आहे. वॉशिंग्टन प्रांतातील खडकाळ दऱ्या एका प्रचंड जलप्रलयाने कोरल्या, असे हार्लेन ब्रेट्झ यांनी १९२३ पासून मांडले आणि कित्येक वर्षे उपहास सोसला. बेकरांनी १९७१ मध्ये त्याच प्रलयावर प्रबंध लिहिला. त्याच वर्षी ‘मरिनर ९’ मंगळाभोवती फिरू लागले आणि तेथेही तशाच विराट वाहिन्या दिसल्या! १९८२ मध्ये त्यांनी मंगळाच्या वाहिन्यांवर ग्रंथ लिहिला. मंगळ वाचणारी ती दृष्टी पुढे आपल्या नर्मदेच्या काठी आली.

येथे थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या सभांतून प्राचीन विमानांवर टाळ्या पडतात. मी स्वतःही त्या वाजविल्या आहेत. पण गोंदियाच्या भूमीत कोहळी समाजाने उतार हेरून, बांध घालून जे तलाव उभारले, ते मोजून अभ्यासणारे किती निघाले? नवेगाव बांधला आपण सहलीला जातो, एवढेच. आमगावच्या नावाने ओळखला जाणारा नीस खडक दोन अब्जांहून अधिक वर्षांचा आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट त्यापुढे कालचा, अवघ्या साडेसहा कोटी वर्षांचा.

२३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरले तेव्हा घराघरांत पेढे वाटले गेले. तेथील भूरूपांचा अर्थ लावायला माणसे लागतील, आणि ती प्रथम पृथ्वीवरच्या नद्यांच्या काठी शिकतात. आपला मुलगा वा मुलगी भूगोल किंवा भूशास्त्र घेतो म्हणाली, तर ‘मार्क कमी पडले का?’ असे कृपा करून विचारू नका. पावसाळा सरला की वैनगंगेला मिळणाऱ्या एखाद्या नाल्याच्या मुखाशी त्यांना घेऊन जा. सोबत एक मोजपट्टी व वही असू द्या.