खापराची साक्ष

(कल्याण पूर्वेला तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय 'प्राचीन जगाच्या ताज्या बातम्या'. फळ्यावरचा विषय वाचून मागं बसलेला एक पोरगा म्हणाला, "दादा, इथं नोकरीचा पत्ता नाही, मेलेल्या राजांच्या बातम्या कशाला?" त्याचं बरोबर आहे. मेलेल्या राजांशी मलाही देणंघेणं नाही. मी खापराबद्दल बोलणार आहे. फुटक्या मडक्याच्या तुकड्याबद्दल.

माझा बाप ठेकेदाराकडं खोदाईवर होता. जुन्या कल्याणात गटाराचे, पाइपाचे चर खणायचा. पुरुषभर खोल गेलं की कधी कधी खापरं निघायची. लाल, काळी, कडा मुडपलेली. बाप ती चराच्या काठावर रचून ठेवायचा. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मुकादम यायचा, लाथेनं उडवायचा. म्हणायचा, "खापरं जमवून दुकान घालतोस काय रे?" संध्याकाळी चर बुजायचा. ती खापरं कुठल्या काळाची, कोणास ठाऊक. शंभर वर्षांची असतील, दोन हजारांचीही असतील. पण मी तेव्हाच एक गोष्ट शिकलो. इतिहास जमिनीतून वर काढणारे हात आमचे, आणि तो वाचून दाखवणारी तोंडं दुसऱ्यांची.

१९७४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला, झाडाच्या मुळाशी खणताना ब्राँझचा रथ निघाला. सोबत हत्ती, गेंडा, रेडा. जगभरच्या पुस्तकांत त्यांचे फोटो आहेत. सापडले कुणाला? एका भिल्ल माणसाला. पुस्तकात रथाला पानभर जागा, भिल्लाला एक ओळ. ती ओळसुद्धा पुष्कळ पुस्तकांत नाही.

आता लोकल पकडा आणि नालासोपाऱ्याला चला. तिथं एक टेकाड होतं. गावचे लोक त्याला म्हणायचे 'बुरूड राजाचा कोट'. नीट ऐका. बुरूड. सुपं, टोपल्या, कणग्या विणणारा. आज अनुसूचित जातींच्या यादीत असलेला. त्याचा राजा, आणि त्या राजाचा कोट! पोथ्यांना या राजाचा पत्ता नाही. पण लोकांनी नाव सोडलं नव्हतं.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो कोट उकरला. आत निघाला बुद्धाचा स्तूप. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा, स्फटिकाच्या आत सोन्याचा. आणि सोन्याच्या करंड्यात काय होतं? हिरे? माणकं? मित्रहो, सोन्याच्या करंड्यात होती खापरं. मातीच्या भांड्याचे तुकडे. भगवानलालांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले. ते आज मुंबईत टाउन हॉलच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

ते खरोखर तथागतांच्याच पात्राचे की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. मला दुसरंच दिसतं. ज्यांनी ते पुरलं त्यांच्या लेखी सोन्याची किंमत खापर ठेवण्यापुरती होती. भिक्षा मागणाऱ्या माणसाचं मडकं आत, आणि सोनं त्याचं नुसतं वेष्टन! याच मुलखात पुढं पेशवाई आली. पुण्यात आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं बांधलं गेलं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय. माझी आई गावाकडं मजुरीला जायची तेव्हा तिची चहाची कपबशी गोठ्याच्या वळचणीला वेगळी असायची, कान तुटलेली. मडकं एकच. एकदा ते सोन्यात ठेवलं गेलं, एकदा माणसाच्या गळ्यात. मधे काय झालं? कधी झालं? कुणी केलं? माझ्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

त्याच सोपाऱ्यात, त्याच १८८२ साली, सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या सहली सोडून बोधीच्या ठिकाणी गेलेल्या राजाचा तो लेख. नंतर जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. साल १९५६! ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली ते साल. आणि नववा लेख सांगतो काय? आजारपण, लग्न, मूल, प्रवास, यासाठी माणसं नाना विधी करतात. त्यांचं फळ थोडं. खरा मंगलविधी म्हणजे दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं. म्हणजे दास होते. मी काही सत्ययुग होतं असं सांगायला उभा नाही. पण राजा दगडावर लिहितो की पूजा राहू द्या, राबणाऱ्याशी माणसासारखं वागा. असा हुकूम नंतरच्या किती राजांनी काढला, मोजा.

आता कान्हेरी. ठाण्याच्या मागच्या डोंगरातली. शाळेच्या सहलीत आम्हाला नेलं होतं. गुरुजींनी सांगितलं, "ही लेणी राजांनी खोदली. पाय घसरतील, डबे खा आणि चला." भिंतीवर अक्षरं होती. "गुरुजी, हे काय लिहिलंय?" "जुनं आहे, तुला काय करायचंय?" मला काय करायचंय हे कळायला पुढं पंधरा वर्षं गेली.

ती अक्षरं ब्राह्मी, आणि भाषा संस्कृत नव्हे, प्राकृत. आपल्या मराठीच्या आजीची बोली. त्यात जागोजाग आपल्या गावाचं नाव आहे : कलियाण. एका लेखात कल्याणचा सोनार सामिदत सांगतो, ही पाण्याची पोढी, हे माझं दान. दुसऱ्यात कल्याणचा लोहार नंद वाट बांधून देतो. बघा तरी! एकानं पाणी दिलं, एकानं रस्ता दिला. पाणी आणि रस्ता. पुढं ज्या दोन गोष्टी आम्हाला नाकारल्या गेल्या, नेमक्या त्याच. ज्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्याची पायरी उतरावी लागली, ते पाणी अठराशे वर्षांपूर्वी कल्याणचा एक कारागीर दगड फोडून मोकळं करत होता आणि खाली छातीठोक आपलं नाव लिहीत होता.

आणि एकटे लोहार-सोनार नव्हेत. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावर, वऱ्हाडातल्या नव्हे, एका शिलेवर पूर्णघट कोरलाय. दान कुणाचं? विधिकाचं. धंदा काय? चम्मकार. चामड्याचं काम करणारा. त्याचा बाप नाग, आणि बापाची पदवी उपाध्याय! चांभाराचा बाप शिक्षक, आणि घरच्या सगळ्यांसह त्याचं नाव धम्माच्या दगडावर. नंतर हजार-दीड हजार वर्षं आमच्या माणसाचं नाव कुठल्या देवळाच्या आतल्या भिंतीवर आलं? आम्हाला तर बाहेरच्या पायरीवरही जागा नव्हती.

त्या काळी कल्याण हे नुसतं जंक्शन नव्हतं, बंदर होतं. पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी आपल्या प्रवासाच्या पुस्तकात त्याला 'कल्लिएना' म्हणतो. तक्रार करतो की इथं आलेली ग्रीक गलबतं पहारा लावून भडोचला नेली जातात. आणि आता ताजी बातमी. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं पडकं बंदर आहे. तिथं २०२२ साली पोलिश-अमेरिकन तुकडीला बुद्धाची मूर्ती सापडली, २०२३ मध्ये ती जाहीर झाली. एकाहत्तर सेंटिमीटर उंच, डोक्यामागं सूर्यकिरणांचं वलय, शेजारी कमळ. संगमरवर तुर्कस्तानातला, साधारण दुसऱ्या शतकातला. म्हणजे इकडं नंद लोहार वाट बांधत होता त्या काळात आपला बुद्ध आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उभा होता. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, ही अक्कल त्याच्या आड आली नाही.

मग नंतर झालं काय?

आजवर आपण याचं उत्तर पोथीत शोधत होतो. आता ते माणसाच्या पेशीत सापडायला लागलंय. सोपं करून सांगतो. दोन वेगळ्या गटांतल्या माणसांचं लग्न झालं की मुलात दोन्हीकडच्या वारशाचे लांब लांब तुकडे येतात. पुढच्या प्रत्येक पिढीत ते मोडतात, आखूड होतात. मडक्याचं खापर, खापराची खडी, खडीची चुरी, तसं. तुकडे किती आखूड झाले ते मोजलं की मिसळण किती पिढ्यांमागची, ते कळतं. २०१३ साली हैदराबादच्या सी.सी.एम.बी. संस्थेनं आणि अमेरिकेतल्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी त्र्याहत्तर जनसमूह तपासले. निघालं असं की साधारण चार हजार दोनशे ते एकोणीसशे वर्षांपूर्वीपर्यंत या देशात सगळे सगळ्यांत मिसळत होते. बामण, भिल्ल, कुणी सुटलं नाही. मग मिसळणं थांबलं. २०१६ साली पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेनं वेगळी मोजणी केली. त्यांच्या हिशेबात वरच्या जातींची दारं साधारण सत्तर पिढ्यांपूर्वी बंद झाली, म्हणजे गुप्त राजांच्या काळात. ज्याला शाळेच्या पुस्तकात 'सुवर्णयुग' म्हणतात तो काळ! सोनं कुणाचं आणि खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं, ते आता समजलं.

दोन्ही मोजण्यांत काही शतकांचा फरक आहे. असू दे. मुद्दा एकच. जात सनातन नाही. जातीला तारीख आहे. जी गोष्ट एका तारखेला सुरू झाली ती दुसऱ्या तारखेला संपवता येते.

आणि हे कुणी आधी सांगितलं? ९ मे १९१६. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. पंचवीस वर्षांचा एक महार पोरगा निबंध वाचतो. म्हणतो, जातीचं मर्म शिवाशिवीत नाही, धंद्यात नाही. जातीतल्या जातीत लग्न, हेच मर्म. आधी मिसळ होती, मग एका वर्गानं दार लावून घेतलं आणि बाकीच्यांनी त्याची नक्कल केली. हातात ना सूक्ष्मदर्शक, ना प्रयोगशाळा. प्रयोगशाळेला तिथवर पोचायला शंभर वर्षं लागली.

आता आपल्याच माणसांशी भांडतो. २०१९ साली राखीगढीच्या एका बाईच्या सांगाड्याची तपासणी छापून आली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं त्यात होती. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईत गवताळ मैदानांतून आलेल्या लोकांचा अंश नाही. त्याच दिवशी दुसरा निबंध आला की ते लोक पुढं, इसवी सनापूर्वी दोन हजार ते दीड हजारच्या सुमारास, इकडं आले. लगेच एक बाजू ओरडली, "आर्य आलेच नाहीत!" आपल्यातले काही ओरडले, "बघा, आम्हीच खरे मूळचे!" महात्मा फुल्यांनी आर्यांच्या स्वारीचा हत्यारासारखा वापर केला, त्या काळात ते लढाऊ होतं. पण बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' मध्ये आर्य वंशाचा सिद्धांत फेटाळला. का? कारण त्यांना कळलं होतं की शुद्ध रक्ताची भाषा ही मनूची भाषा आहे. आम्ही ती उलटी करून बोललो तरी ती मनूचीच राहते. या देशातल्या प्रत्येकाचं रक्त मिसळलेलं आहे. आमचंही. मला त्याचा अभिमान वाटतो, लाज नाही.

आणि ही नुसती अभ्यासाची गोष्ट नाही. ज्या २०१३ साली तो मिसळणीचा निबंध छापला, त्याच वर्षाच्या १ जानेवारीला सोनईला मेहतर समाजाचे तीन तरुण मारले गेले. का? एकाचं सवर्ण मुलीवर प्रेम होतं. दोन हजार वर्षांपूर्वी जे या मातीत रोज घडत होतं, त्यासाठी माणसांचे तुकडे झाले. दार अजून बंदच आहे. बाहेरून वाजवणाऱ्याला अजून मारतात.

पण आता हात वर करा. या हॉलमध्ये किती जणांच्या घरी स्थळ बघताना पोटजात विचारली गेली नाही? ...हां. मला दोनच हात दिसतात. माझाही खाली आहे. माझ्या बहिणीच्या वेळी माझ्या बापानं विचारलं, जो खापरं रचून ठेवायचा त्यानं. आणि मी गप्प बसलो. ते खापर मी कुणाच्या डोक्यावर फोडू? ते माझ्याच डोक्यावर आहे.

म्हणून तीन कामं सांगतो आणि बसतो. एक, ब्राह्मी शिका. महिन्या-दोन महिन्यांत अक्षरं ओळखू येतात. पुढच्या रविवारी कान्हेरीला जाऊ, आणि नंदाची वाट कुठली ते आपल्या डोळ्यांनी शोधू, गुरुजींच्या नव्हे. दोन, डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत जिथं टॉवरसाठी जमीन खणली जाते तिथं आपलेच भाऊ पाटी उचलतात. त्यांना सांगा, नाणं, मूर्ती, कोरलेला दगड दिसला तर गप्प बसू नका. १८७८ चा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. मुकादम लाथ मारायच्या आधी फोटो काढा, जागा आणि खोली लिहून ठेवा. आणि खाली नाव लिहा, खणणाऱ्याचं. सामिदतानं लिहिलं तसं.

तिसरं काम घरी जाऊन करायचं आहे. ते मी सांगणार नाही. मघाशी जे हात खाली राहिले त्यांना ते ठाऊक आहे.

जयभीम.